झिणझिण्या देणारं १९९२ सालचं वॉशिंग मशीन: एका दुरुस्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, जुन्या वाड्यात हे मशीन होतं. घरच्या बाई निवृत्त शिक्षिका. मी त्यांना काकू म्हणतो, इथेही तेच म्हणणार आहे. गाव आणि कुटुंब ओळखू येईल असे बाकीचे तपशील गाळले आहेत. पतसंस्थेचं कर्ज काढून १९९२ साली घेतलेलं हे सेमी-ऑटोमॅटिक मशीन. पत्र्याची बॉडी, फिकट पिस्ता रंग, डावीकडे धुण्याचा टब आणि उजवीकडे ड्रायर.

या प्रकारच्या मशीनमध्ये टबाच्या तळाला एक फिरकी असते. काही सेकंद एका दिशेने, जरा थांबून मग उलट्या दिशेने फिरते आणि पाण्यासकट कपडे घुसळते. जपानमध्ये सान्यो कंपनीने १९५३ साली टबात फिरकी बसवलेलं मशीन तुलनेने स्वस्तात बाजारात आणलं आणि पुढे हा प्रकार आशियात सगळीकडे रुजला. आपल्याकडच्या घरांत ऐंशी-नव्वदच्या दशकात आलेली सेमी-ऑटोमॅटिक मशीनं याच घराण्यातली.

काकूंना हे मशीन हवं होतं त्याला रोजच्या व्यवहाराचं कारण होतं. गावात नळाला पाणी सकाळी तासभर येतं. ते पिंपात भरून ठेवायचं आणि दिवसभर पुरवायचं. पूर्ण ऑटोमॅटिक मशीनला आत पाणी घ्यायला दाब लागतो. टाकी सहसा मशीनपासून तीनेक मीटर उंचीवर हवी. कौलारू वाड्यावर टाकी ठेवायची कुठे? सेमी-ऑटोमॅटिकमध्ये बादलीने पाणी ओतलं तरी चालतं. पांढऱ्या कपड्यांचं साबणाचं पाणी सोडून न देता त्यातच रंगीत कपडे, मग पायपुसणी काढता येतात. एप्रिल-मे महिन्यात ही बचत फार मोठी असते. त्यात काकूंचा उजवा खांदा आखडलेला, चादर पिळणं त्यांना जमत नाही. म्हणजे ड्रायरही चालू हवाच.

अडचण

पहिला फोन काकूंच्या मुलाचा आला, पुण्याहून. तक्रार अशी: रिकामं असताना फिरकी दोन्हीकडे फिरते, पण कपडे टाकले की नुसती गुरगुरते, आणि थोड्या वेळाने जळका वास येतो. गावातल्या मिस्त्रींनी कपॅसिटर (मोटरला फिरायला जोर देणारा भाग) बदलला, फरक पडला नाही. त्यांनी सरळ सांगितलं होतं, मोटर गेली, मशीन भंगारात द्या. मुलाचंही मत तेच होतं. "आईचा हट्ट आहे म्हणून फोन केला, बघा जमलं तर," असं तो म्हणाला.

मी मशीन बघायला गेलो तेव्हा मोरीत मशीनसमोर एक लाकडी पाट ठेवलेला दिसला. कशासाठी, म्हणून विचारलं.

"अहो दादा, पाटावर उभं राहिलं की झिणझिण्या येत नाहीत," काकू म्हणाल्या. "पावसाळ्यात जरा जास्त येतात, एरवी सवय झालीय."

या एका वाक्याने माझ्यासाठी कामाचा क्रम बदलला. फिरकी फिरत नाही ही गैरसोय आहे. बॉडीला करंट येतो, ओल्या मोरीत येतो आणि सत्तरी ओलांडलेली बाई पाट ठेवून त्यावर उपाय काढते, हा जिवाला धोका आहे. मशीन चालू करून बघायचा मोह अशा वेळी प्रत्येक मिस्त्रीला होतो, कारण आवाजावरून बरंच कळतं. मी प्लग काढला, पाटाचा उपयोग पुन्हा कुणी करू नये म्हणून वायर गुंडाळून वर बांधली आणि मशीन टेम्पोत घातलं.

तपासणी

वर्कशॉपमध्ये मागचा पत्रा काढला. आत धाग्यांचा आणि साबणाचा करडा चिखल, तळाच्या कोपऱ्यात गंजाचे पापुद्रे, एका वायरीला उंदराचे दात लागलेले. कपडे धुण्याची मोटर टबाच्या खाली, जरा बाजूला असते आणि बेल्टने फिरकीचा शाफ्ट फिरवते. या मोटरच्या वरच्या बाजूला पांढरी खरखरीत खपली होती. बोअरच्या जड पाण्याचा क्षार. म्हणजे वरून पाणी ठिबकत होतं, आणि ते आजकालचं नव्हतं.

मीटर लावला. धुण्याच्या मोटरला तीन वायरी असतात: एक कॉमन आणि दोन टोकं. मोटर दोन्ही दिशांना सारख्याच जोराने फिरायला हवी, म्हणून दोन्ही वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारेची वेटोळी, एकसारखी असतात आणि कॉमनपासून दोन्ही टोकांचा रेझिस्टन्स सारखा यायला हवा. इथे एका बाजूला २४ ओहम आला, दुसऱ्या बाजूला १७. एका वाइंडिंगचे काही वेढे आतल्या आत जुळले होते. रिकामी मोटर कशीबशी फिरते, ओझं पडलं की दम तोडते आणि तापते, याचा उलगडा झाला. नवा कपॅसिटर घालून फायदा का झाला नाही, हेही कळलं.

मग ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन किती शाबूत आहे ते मोजणारा मीटर, वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये लावला. धडधाकट मोटरला इथे कित्येक मेगाओहम यायला हवेत. एक मेगाओहमच्या खाली आलं की मी ती मोटर चालवत नाही. इथे ०.२ आलं. २३० व्होल्टला याचा अर्थ एक मिलीअँपिअरपेक्षा थोडा जास्त करंट बॉडीवर येतो, नेमका हाताला झिणझिण्या जाणवण्याइतका. हा आकडा कोरड्या वर्कशॉपमधला आहे. पावसाळ्यात, ओल्या मोरीत तो आणखी खाली जाणार. ड्रायरच्या मोटरचं इन्सुलेशन २० मेगाओहमच्या वर होतं; ती मोटर वाचलेली होती.

वेढ्यांचा रेझिस्टन्स आणि बॉडीशी असलेलं इन्सुलेशन, हे दोन्ही आकडे वेगवेगळे वाचायला हवेत. इन्सुलेशन ओलीमुळे उतरलं असेल तर मोटर सुकवून ते परत येतं. आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे मोटर खोक्यात ठेवून १०० वॉटचा पिवळा बल्ब दोन-तीन दिवस चालू ठेवायचा. तसं केलं असतं तर ०.२ चे कदाचित ५ मेगाओहम झाले असते, झिणझिण्या थांबल्या असत्या आणि सगळ्यांना बरं वाटलं असतं. जुळलेले वेढे मात्र सुकवून सुटत नाहीत. मोटर पुन्हा तापली असती, तारेवरचं वार्निश आणखी जळलं असतं आणि काही महिन्यांत करंट परत बॉडीवर आला असता.

पाणी कुठून येतं ते बघण्यासाठी फिरकी काढायची होती. मधला स्क्रू सुटला, फिरकी मात्र क्षाराने शाफ्टला धरून बसली होती. अशा वेळी स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं की जुन्या प्लॅस्टिकची कड तुटते, आणि त्या मापाची फिरकी आता मिळत नाही. टबात कोमट पाणी घेऊन त्यात लिंबूसत्व विरघळवलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी फिरकीच्या दोन बाजूंनी नाडी घालून दोन्ही हातांनी सारखा ताण दिला, तेव्हा ती वर आली. खाली केसांच्या पिना, मंगळसूत्राचे काळे मणी, शर्टाची बटणं आणि चार आण्याचं एक नाणं होतं. चार आणे २०११ च्या जूनअखेर चलनातून गेले, तेव्हा ही फिरकी बहुधा त्याआधीपासून कुणी काढलेली नसावी.

शाफ्टभोवतीचं ऑइल सील दगडासारखं कडक झालं होतं. टबातलं पाणी खाली मोटरवर उतरू न देणारं एवढंच एक रबर असतं. ते म्हातारं झालं, पाणी शाफ्टवरून उतरून मोटरवर पडायला लागलं, मोटर भिजली, वार्निश गेलं, वेढे जुळले. मोटर जळण्याचं मूळ कारण मोटरमध्ये नव्हतंच. नुसती मोटर बदलून मशीन परत केलं असतं तर नवी मोटरही त्याच वाटेने गेली असती.

ड्रायरमध्ये वेगळीच गोष्ट सापडली. ड्रायरचं झाकण उघडलं की दोन गोष्टी व्हायला हव्यात: करंट तुटायला हवा आणि ब्रेकची पट्टी ड्रमला लागून तो काही सेकंदांत थांबायला हवा. इथे झाकणाच्या स्विचच्या दोन्ही वायरी एकत्र पिळून त्यावर टेप गुंडाळलेला होता आणि ब्रेकची तार सुटलेली. कधीतरी स्विच बिघडला असेल आणि कुणीतरी सोपा मार्ग काढला असेल. म्हणजे झाकण उघडलं तरी ड्रम मिनिटाला सुमारे १४०० फेऱ्यांनी फिरतच राहायचा. मे महिन्यात या घरात नातवंडं येतात. माझ्या मते या मशीनमधला सर्वांत गंभीर दोष हाच होता, आणि त्याची तक्रार कुणीच केलेली नव्हती.

पर्याय

काकू आणि मुलगा या दोघांशी फोनवर एकत्र बोललो. समोर चार वाटा होत्या.

पहिली, मशीन एक्स्चेंजमध्ये देऊन पूर्ण ऑटोमॅटिक घ्यायचं. मुलाचा कल इकडे होता. पैशांची अडचण नव्हती, पण पाण्याची होती. टाकी, तिचा सांगाडा, पंप आणि नळजोडणी हे सगळं मशीनच्या किमतीवर आलं असतं, आणि तासभराच्या नळावर ते रोज भरेल याची खात्री नव्हती.

दुसरी, नवं सेमी-ऑटोमॅटिक. साधारण दहा-बारा हजारांत चांगलं मशीन आलं असतं. हा पर्याय मी मनापासून मांडला, कारण शहाणपणाचा तोच होता. दुरुस्तीवाल्याने हे सांगायला हवं. जुनं मशीन दुरुस्त करण्याचा खर्च नव्याच्या निम्म्याच्या वर गेला की गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगायचं आणि निर्णय त्याच्यावर सोडायचा.

तिसरी, फक्त धुण्याची बाजू दुरुस्त करायची आणि ड्रायर कायमचा तोडून टाकायचा. खर्च कमी, धोका कमी. पण काकूंचा खांदा बघता ड्रायरशिवाय मशीन त्यांच्या अर्ध्याच कामाचं.

चौथी, संपूर्ण दुरुस्ती. खर्चाचा अंदाज साडेसहा ते सात हजार.

काकूंनी चौथी वाट निवडली. त्यांचं म्हणणं होतं, पत्र्याची बॉडी आणि जाड टब असलेलं मशीन आता मिळणार नाही, आणि या मशीनचं बटण त्यांना अंधारातही सापडतं. वय झालेल्या माणसाच्या बाबतीत हे दुसरं कारण मला पटलं. मुलाने एकच अट घातली: शॉकचा विषय कायमचा मिटला पाहिजे. मी माझी अट सांगितली. झाकणाचा स्विच आणि ब्रेक पूर्ववत झाले नाहीत तर ड्रायर चालू स्थितीत देणार नाही, मग कितीही खर्च झालेला असो.

केलेलं काम

मोटर रिवाइंड करायची, म्हणजे तिची तार नव्याने गुंडाळून घ्यायची, की तयार नवी घ्यायची, हा पहिला प्रश्न. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सेमी-ऑटोमॅटिकला चालणाऱ्या तयार मोटरी मिळतात. किंमत रिवाइंडिंगच्या आसपासच. पण त्यातल्या काहींत तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमची तार असते, बोल्टची भोकं जुळत नाहीत आणि पुलीचा शाफ्ट वेगळ्या जाडीचा निघाला की बेल्टची रेष चुकते. जुन्या मोटरचा गाभा आणि बेअरिंगची घरं उत्तम होती. म्हणून रिवाइंडिंग. आमच्याकडचे रिवाइंडर जुनी कॉइल कापण्याआधी वेढे मोजून, तारेचं गेज वहीत लिहून घेतात. त्यांना एवढंच सांगितलं की जुनी तार जाळून काढू नका, कापून काढा. जास्त तापलं तर पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं आणि मोटर कायमची गरम चालते. वार्निश भट्टीत सुकवून आल्यावर दोन्ही बाजूंना सारखा रेझिस्टन्स आणि बॉडीशी १०० मेगाओहमच्या वर इन्सुलेशन मिळालं. दोन्ही बेअरिंगही बदलून घेतली.

खरं डोकं लागलं ते सीलला. नवं सील त्याच मापाचं मिळालं. सीलवर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. ते जुळले की काम झालं असं वाटतं. पण शाफ्टवर जिथे जुन्या सीलचा ओठ तीस वर्षं घासला होता तिथे बारीक खाच पडली होती. डोळ्यांना जेमतेम दिसणारी. नख फिरवलं की अडकायचं. नवं सील त्याच जागी बसवलं असतं तर त्याचा ओठ खाचेत सैल राहिला असता आणि चार-सहा महिन्यांत ठिबक पुन्हा सुरू झाली असती. नवा शाफ्ट टर्न करून घेणं महाग. शाफ्टवर पातळ नळी चढवली तर जाडी वाढून सीलचं माप बदलणार. तिसरा मार्ग सोपा निघाला: लेथवर दोन मिलिमीटर जाडीचं पितळी कडं करून घेतलं, ते सीलच्या घरात तळाला घातलं आणि त्यावर सील बसवलं. ओठ खाचेच्या वर, शाफ्टच्या कोऱ्या भागावर आला. सीलच्या ओठाला ग्रीस लावलं, टब भरून दोन दिवस तसाच ठेवला आणि खाली वर्तमानपत्र पसरलं. कागद कोरडा राहिला.

तरीही सील हे रबर आहे, ते पुन्हा म्हातारं होणार. म्हणून मोटरच्या वर एक पन्हाळं बसवलं, खाद्यतेलाच्या पाच लिटरच्या डब्याचं प्लॅस्टिक कापून. सील गळलंच तर पाणी मोटरवर न पडता पुढे येऊन जमिनीवर ठिबकेल आणि काकूंना दिसेल. मूळ मशीनमध्ये असं काही नव्हतं. जुनी मशीनं हौसेने जतन करणाऱ्या काहींना अशी भर पटत नाही, प्रत्येक गोष्ट कारखान्यातून आली तशीच हवी असते. शोकेसमध्ये ठेवायच्या मशीनला ते योग्यच आहे. रोज पाण्यात चालणाऱ्या मशीनमध्ये मी मूळ रंग, टायमर, बटणं, फिरकी जपेन. वीज आणि पाणी जिथे जवळ येतात तिथे आजची अक्कल वापरेन.

ड्रायरच्या बाजूला मोटर आणि ड्रम यांच्यामध्ये पाणी अडवणारा रबराचा घडीदार बेलो असतो, तो चिरलेला होता. जवळच्या मापाचा बेलो तपकीर गल्लीतच मिळाला, दोन घेतले. झाकणाचा स्विच टायमरच्या खोक्यात असतो. त्याची पितळी पट्टी वाकून संपर्क सोडत होती. पट्टी जागेवर आणली, टोकं घासून साफ केली, पिळलेल्या वायरी सोडवून मूळ जागी जोडल्या. ब्रेकची नवी तार सायकलच्या ब्रेकच्या तारेतून केली आणि ताण असा ठेवला की झाकण दोन बोटं उघडलं की ड्रमला पट्टी टेकते. ओले कपडे भरून, झाकण उघडून, ड्रम थांबायला किती वेळ लागतो ते पुन्हा पुन्हा बघितलं. इथे घाई केली नाही.

टायमरबद्दलही विचार करावा लागला. बाजारात स्वस्त टायमर मिळतात आणि बसतातही. पण जुन्या टायमरमध्ये एक दिशा संपल्यावर काही सेकंदांची विश्रांती असते, तेवढ्यात मोटर पूर्ण थांबते आणि मगच उलटी फिरते. ती विश्रांती पुरेशी नसेल तर बेल्ट आणि कपॅसिटर दोघांवर ताण येतो. जुना टायमर उघडला तर त्यात बिघाड असा नव्हताच, ग्रीस गोंदासारखं झालं होतं. धुऊन, घड्याळाच्या तेलाचे मोजके थेंब देऊन तो चालू झाला. बझर अजून वाजतो.

बाकी कामं सरळ होती. टबाच्या निचऱ्याच्या कोपऱ्यात तडा होता. हा टब पॉलिप्रॉपिलीनचा, त्याला साधा गोंद धरत नाही, म्हणून त्याच प्लॅस्टिकची कांडी गरम हवेने वितळवून जोड दिला. गंजलेला एक कोपरा कापून पत्र्याचा तुकडा वेल्ड केला, बाकी गंज खरवडून रेड ऑक्साइड मारला. पावडर कोटिंग केलं नाही. वरचा पिस्ता रंग अजून चांगला होता. उंदराने कुरतडलेली वायर बदलली आणि तळाला बारीक जाळी लावली.

निर्णयाची खरी जागा: घरचं अर्थिंग

मशीन घेऊन वाड्यावर गेलो. बसवण्याआधी सॉकेट तपासलं. १०० वॉटचा बल्ब फेज आणि न्यूट्रलमध्ये लावला, लख्ख पेटला. तोच फेज आणि अर्थमध्ये लावला, पेटलाच नाही. सॉकेटला तिसरं भोक होतं, त्यात हिरवी वायरही होती. ती जमिनीत कुठेच जात नव्हती.

तेवढ्यात काकू सहज म्हणाल्या, "पूर्वी मशीन लावलं की फ्रिजलाही झिणझिण्या यायच्या. आम्हाला वाटायचं फ्रिजही बिघडलाय."

घरातल्या सगळ्या सॉकेटच्या हिरव्या वायरी एकमेकींना जोडलेल्या होत्या आणि जमिनीत मात्र गेलेल्या नव्हत्या. मशीनच्या बॉडीवर आलेला करंट त्या वायरीतून फ्रिजच्या बॉडीवर पोचत होता. अर्थिंग नसण्यापेक्षा हा प्रकार वाईट, कारण एका खोलीतला दोष दुसऱ्या खोलीतल्या माणसाला गाठतो.

आता मशीन द्यायचं की नाही? ते पूर्ण दुरुस्त होतं, बॉडीवर करंट नव्हता, लावलं असतं तर कुणालाही झिणझिण्या आल्या नसत्या. मुलगा फोनवर म्हणाला, "आता शॉक येत नाही ना? मग अर्थिंग दिवाळीत करू." त्याचं म्हणणं अगदीच अनाठायी नव्हतं, काकू कितीतरी दिवस हाताने कपडे धूत होत्या. पण त्यानेच घातलेली अट शॉकचा विषय कायमचा मिटवण्याची होती. अर्थिंग म्हणजे पुढच्या बिघाडाची तयारी, आणि तीस वर्षांच्या मशीनमध्ये पुढचा बिघाड येणार हे गृहीत धरावंच लागतं. मी मशीन वाड्यात ठेवलं, प्लगचा टॉप काढून सोबत आणला. काकूंना हे आवडलं नाही. "दादा, तुम्ही फारच करता," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

गावातल्या परवानाधारक वायरमनने परसात खड्डा घेतला, जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप उभा पुरला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले आणि वर पाणी घालायला नरसाळं ठेवलं. आपल्याकडे अर्थिंगसाठी आयएस ३०४३ हे मानक आहे, आणि घराला रेझिस्टन्स पाच ओहमच्या आत आणायचा असा बहुतेक वायरमनांचा आग्रह असतो. इथे माती ओलसर होती, साडेतीन मिळाला. मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला, म्हणजे करंट बाहेर गळला की वीज तोडणारा स्विच, ज्याला गावात सगळे ईएलसीबीच म्हणतात. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं, हे काकूंनी कॅलेंडरवर लिहून ठेवलं. यानंतर टॉप लावला.

परिणाम

दुरुस्तीचा खर्च ६,८०० रुपये झाला. अर्थिंग आणि आरसीसीबीचा वेगळा, जवळपास पाच हजार. दोन्ही मिळून नव्या सेमी-ऑटोमॅटिकची किंमत भरते, हे लपवण्यासारखं नाही. फक्त अर्थिंगचा खर्च नवं मशीन घेतलं असतं तरी करावाच लागला असता, हे मुलाने स्वतःच नंतर मान्य केलं.

एक पावसाळा उलटून गेल्यावर मी मशीन पुन्हा तपासलं. धुण्याच्या मोटरचं इन्सुलेशन १०० च्या वरून ६० मेगाओहमवर आलं होतं. पावसाळी हवेत तेवढी घट चालते. पन्हाळं कोरडं होतं. मधल्या काळात निचऱ्याचा पट्टा तुटला, तो नायलॉनच्या पट्टीने बदलला. ड्रायर भरताना कपडे एका बाजूला झाले तर मशीन अजूनही थरथरतं. जुन्या स्प्रिंगांचा ताण सारखा राहिलेला नाही आणि त्या मापाच्या स्प्रिंगा मला अजून मिळालेल्या नाहीत. आरसीसीबी एकदा पडला, तो मशीनमुळे नव्हे, गिझरमुळे. गिझरची कॉइल गेली होती. वाड्यात तो दोष आधीच्या वायरिंगवर कुणाला कळलाही नसता.

वेगळं काय करता येईल

अर्थिंगची तपासणी मशीन उचलतानाच व्हायला हवी. बल्बची चाचणी पाच मिनिटांची आहे. ती पहिल्या दिवशी झाली असती तर रिवाइंडिंग चालू असतानाच वायरमनचं काम उरकलं असतं आणि काकूंचं हाताने धुणं तेवढं कमी झालं असतं. आता बॉडीला करंट असल्याची कुठलीही तक्रार आली की मी फोनवरच विचारतो: हे मशीन चालू असताना घरातल्या दुसऱ्या कुठल्या वस्तूला झिणझिण्या येतात का? उत्तर हो आलं तर मशीनआधी घर बघायचं.

दुसरं, गिऱ्हाइकाला फक्त "काय बिघडलंय" असं विचारून भागत नाही, "रोज कसं वापरता" हेही विचारायला हवं. पाटाची गोष्ट तक्रारीत नव्हती. झाकणाच्या स्विचची तर घरात कुणाला कल्पनाच नव्हती. ड्रायर असलेलं कुठलंही जुनं मशीन आलं की तक्रार काहीही असो, झाकण उघडून ड्रम थांबतो का हे आधी बघावं.

मोटरबाबत मात्र माझं मत कायम नाही. चांगला रिवाइंडर जवळ नसेल तर तांब्याच्या तारेची खात्री करून तयार मोटर घेणं आणि बेल्टची रेष जुळवून घेणं जास्त बरं. खेड्यापाड्यांत रिवाइंडर कमी होत चालले आहेत, पुढच्या अशा मशीनला कदाचित तीच वाट धरावी लागेल.

घेतलेल्या दोन बेलोंपैकी दुसरा काकूंकडे पिशवीत, मशीनच्या मूळ पावतीसोबत ठेवलेला आहे. हे रबर वापरात नसतानाही कडक होतं, म्हणून पिशवीत टाल्कम पावडर घातली आहे आणि वर खरेदीचं वर्ष लिहिलं आहे. ड्रायरखाली पाणी दिसलं की तो बसवायचा, आणि त्याच वेळी धुण्याच्या बाजूचं सीलही बदलून टाकायचं, असं ठरलं आहे.